बोअरचं पाणी, वस्तीची वीज आणि आंघोळीचं गरम पाणी



दिवाळी झाली की आमच्या माणदेशात वस्त्यांवर दोन प्रकारच्या गाड्या फिरायला लागतात. एक डाळिंबाच्या व्यापाऱ्यांच्या आणि दुसऱ्या सोलर वॉटर हीटर विकणाऱ्यांच्या. डाळिंबवाल्याशी आपण किलोमागं दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करतो. सोलरवाल्याला मात्र एकच प्रश्न विचारतो, "पलीकडच्या वस्तीवर कितीचा बसवला?" आणि तोच, तेवढाच आपल्या स्लॅबवर चढवतो.

बोअरमध्ये मोटर सोडताना आपण असं करत नाही. खोली किती, पाणी किती फुटांवर, हेड किती, केबल किती जाडीची, सगळं विचारतो. आंघोळीचं पाणी तापवायचं यंत्र घेताना हीच अक्कल कुठं जाते कळत नाही. माझं मत सरळ आहे. आधी आपलं पाणी बघा, मग आपली वीज बघा, मग घरात पहाटे सगळ्यात आधी कोण उठतं ते बघा, आणि यंत्र सगळ्यात शेवटी निवडा. शेजाऱ्याचं पाणी आणि तुमचं पाणी एक नसतं. कधी कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या बोअरचं पाणीसुद्धा एक नसतं.

आधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला एक किलोकॅलरी लागते. पाच माणसांचं घर धरा. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायचं तर 4000 किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात, म्हणजे रोज साधारण साडेचार-पावणेपाच युनिट. या 60 अंशांच्या पाण्यात तेवढंच थंड मिसळलं की 20 लिटरच्या दहा बादल्या होतात. कागदावर दहा, रात्रभराची घट आणि पाइपातलं नुकसान धरून हातात आठ समजा. पाच माणसांना आठ बादल्या रग्गड झाल्या. तरीही 200 लिटरचा सोलर घेतलेली चार माणसांची घरं मी पाहिली आहेत. विकणाऱ्यानं सांगितलं म्हणून, दुसरं कारण नाही.

आता पाणी. आपल्याकडच्या बोअरचं पाणी भांड्यात उकळलं की तळाला पांढरा थर बसतो. तो चुना, कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचा कार्बोनेट होतो आणि जिथं सगळ्यात जास्त उष्णता, तिथंच तो चिकटतो. म्हणजे गिझरमध्ये कॉइलवर, सोलरमध्ये नळ्यांत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. बागायतदार मंडळी, तुमच्यातल्या बहुतेकांकडं ठिबकसाठी केलेला पाणी तपासणीचा अहवाल कपाटात पडलेला असेल. तो काढा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि क्लोराइड हे चार आकडे बघा. ड्रिपर चोंदतात म्हणून लॅटरलमधून आम्ल सोडणारा माणूस त्याच बोअरचं पाणी घरातल्या हीटरला बिनदिक्कत जोडतो, आणि दोन वर्षांनी म्हणतो, "कंपनी फसवी निघाली."

सोलरचे मुख्य प्रकार दोन. एक तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट पेटीचा, वर कडक काच असलेला. दुसरा काचेच्या लांब नळ्यांचा. जड पाण्यात सपाट पेटीच्या बारीक नळ्या चुन्यानं आवळत जातात, आणि त्या आतून साफ करणं कटकटीचं काम. तिथं हीट एक्स्चेंजरवाला प्रकार घ्यावा लागतो. त्यात पेटीतलं पाणी वेगळं, बंद फिरतं आणि वापरायचं पाणी वेगळं राहतं. काचेच्या नळ्यांमध्ये चुना बसतोच, पण नळी जाड असते, काढून धुता येते, फुटली तर एकच बदलता येते. म्हणून बोअरच्या पाण्याला लोक नळ्यांचा घेतात आणि ते चूक नाही. पण टाकी कशाची आहे हे कुणी विचारत नाही. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर साध्या स्टीलच्या टाकीला जोडाच्या जागी बारीक भोकं पडतात. असं पाणी असेल तर आतून काचेसारखा लेप दिलेली टाकी मागा, दोन पैसे जास्त गेले तरी. आणि सफाईसाठी ठिबकचं आम्ल उचलून टाकीत ओतू नका. चुना सायट्रिक ॲसिडच्या पातळ द्रावणानंही निघतो. जरा वेळ लागतो एवढंच.

टेंभूचं पाणी आल्यापासून आटपाडी-सांगोल्याकडच्या काही भागात एक सोय झाली आहे. कृष्णेचं पाणी आपल्या बोअरपेक्षा मऊ. ज्यांच्या शेततळ्यात ते पडतं, त्यांनी निदान हीटरची टाकी तरी त्या पाण्यावर भरावी, गाळून. पावसाचं छतावरचं पाणी तर त्याहून मऊ. आमच्याकडं पाऊसच मोजका, तरी जो पडतो तो पन्हाळीतून अंगणात वाहून जातो.

दुसरी गोष्ट वीज. गावठाणातलं घर आणि मळ्यातली वस्ती यांच्यासाठी एकच सल्ला देणारा माणूस कधी वस्तीवर राहिलेला नसतो. गावठाणात गिझर चालतो. आमच्याकडं शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठवड्याला दिवस-रात्र बदलते, आणि सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज 160 वर येतं. गिझर किंवा रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. 230 च्या जागी 160 आलं की 2000 वॉटचा गिझर 1000 वॉटसुद्धा देत नाही. वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर जातं आणि घरात भांडण, की पाणी का तापलं नाही. गिझरचा दोष नसतो, तारेचा असतो.

बिलाचंही बघा. रोज साडेचार-पावणेपाच युनिट म्हणजे महिन्याला जवळपास 140. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो आणि 100 युनिटांच्या पुढं मोठी उडी असते. ज्या घरात आज ऐंशी-नव्वद युनिट जळतात, तिथं गिझरचं प्रत्येक युनिट वरच्या दरानं पडतं. दुकानदार गिझरवरचे पाच स्टार दाखवतो. ते स्टार टाकीतली उष्णता किती टिकते त्याचे असतात. पाणी तापवायला लागणारी वीज त्यानं कमी होत नाही.

इथं एक गोंधळ दूर करायला पाहिजे, कारण या थंडीत त्यावरून बरेच लोक फसणार आहेत. "सोलरला सरकारचं अनुदान आहे" असं सांगत माणसं येतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान छतावरच्या वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे. एका किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन आणि वर कितीही असेल तर 78 हजार. पाणी तापवणाऱ्या सोलरशी या योजनेचा संबंध नाही. दोन्हीला आपण सोलरच म्हणतो, म्हणून विकणाऱ्याचं फावतं.

पण या योजनेमुळं गावठाणातल्या घरांसाठी हिशेब खरोखर बदलला आहे. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडं दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतं. म्हणजे पाच माणसांच्या पाण्याची वीज सव्वा किलोवॉटमध्ये निघते, आणि उन्हाळ्यात गरम पाणी नको असेल तेव्हा तीच वीज पंखे-फ्रीजला जाते. पाणी तापवणारा सोलर उन्हाळ्यात नुसता तापत बसतो. तेव्हा गावात राहणाऱ्या, व्होल्टेज नीट असलेल्या, नेट मीटर मिळू शकणाऱ्या माणसानं आज पाण्याचा सोलर घेऊ नये, पॅनेल आणि साधा गिझर घ्यावा, असं माझं मत आहे. वस्तीवाल्यानं मात्र या नादाला लागू नये. ग्रीडला जोडलेलं पॅनेल लाईट गेली की बंद पडतं, व्होल्टेज फार पडलं तरी त्याचा इन्व्हर्टर बंद होतो. दिवसातले जे तास ऊन असतं, त्यातलेच काही तास तुमच्याकडं लाईट नसते.

वस्तीवर पाण्याचा सोलरच बरा. त्याला वीज लागत नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली येतं, एवढ्यावर तो चालतो. पण बसवताना तीन गोष्टींवर अडून राहा. पहिली, थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे. मिस्त्री म्हणतो चालतंय. पण चालत नाही, टाकी अर्धी झाली की गरम पाणी येणं बंद होतं. स्लॅबवर सात-आठ फुटांचा कट्टा किंवा अँगलचा स्टँड लागतो, आणि त्याचा खर्च विकणारा कोटेशनमध्ये कधीच धरत नाही. दुसरी, गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप आणि त्यावर फोमचं आवरण. साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. आपल्या वस्त्यांवर न्हाणीघर घरापासून लांब असतं. 20 मीटर पाऊण इंची पाइपात पाचेक लिटर पाणी थंड होऊन पडलेलं असतं, आणि दरवेळी तोटी सोडली की आधी तेच येतं. दुष्काळी भागात रोज पाच-सहा वेळा एवढं पाणी मोरीत सोडायचं म्हणजे जिवावर येतं. सोलर न्हाणीघराच्याच छतावर बसवा, घर दिसायला कसं दिसेल ते नंतर बघू. तिसरी गोष्ट नळ्यांची. लाईट नाही म्हणून वरची टाकी रिकामी, सोलरही रिकामा, नळ्या उन्हात भाजून निघालेल्या, आणि दुपारी दोनला लाईट आली, मोटर चालू केली, थंड पाणी आत शिरलं की नळी तडकते. पाणी संपलं असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावरच भरा. एक नळी फुटली तरी सगळ्या टाकीचं पाणी वाहून जातं, हेही ध्यानात ठेवा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवत असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोकणात, महाबळेश्वर-राधानगरीच्या अंगाला, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल. जून ते सप्टेंबर ढगात घालवणाऱ्या छतावर सोलर टाकून उपयोग नाही.

आता ज्या दोन गोष्टींना माझा सरळ विरोध आहे त्या. बादलीतला रॉड आणि न्हाणीघरातला गॅस गिझर. दोन्ही स्वस्त, म्हणून दोन्ही घराघरांत.

रॉडनं पाणी तापवायला तोटा काही नाही, वीज तेवढीच लागते. पण वस्तीवर अर्थिंग म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत आहे. मीटरपाशी एक तार मातीत खोचलेली, उन्हाळ्यात ती माती कोरडी ठणठणीत. रॉडचं आवरण चुन्यानं खाल्लेलं, स्टीलची बादली, ओली फरशी, आणि पाणी तापलं का म्हणून बोट घालून बघायची सवय. यातून माणसं गेली आहेत, लहान पोरं गेली आहेत. रॉड वापरायचाच असेल तर प्लास्टिकची बादली, बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात नाही, आणि घराला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी. हे आरसीसीबी गिझर असलेल्या घरातही पाहिजेच. साध्या एमसीबीनं माणूस वाचत नाही, ती वायरिंगसाठी असते. डाळिंबावर एका हंगामात जेवढ्याची फवारणी होते, त्यापुढं आरसीसीबीची किंमत काहीच नाही.

गॅस गिझरचं गणित बघायला चांगलं दिसतं. 100 लिटरला दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गॅस, म्हणजे 14.2 किलोची टाकी महिनाभर जाते. पण गॅस जळताना न्हाणीघरातला ऑक्सिजन संपतो आणि मग कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला गुंगी येते आणि तो आतून कडी लावलेल्या खोलीत पडतो. थंडी म्हणून आपण झरोका बोळा घालून बंद केलेला असतो. दरवर्षी अशा बातम्या येतात, आपण "हार्ट अटॅक असेल" म्हणून पुढं जातो. गॅस गिझर बसवायचा तर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या भिंतीवर, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आत बसवून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला पुन्हा दारात उभा करू नका.

आणि आता बंब. मला माहीत आहे, खाली काही मंडळी लिहिणार की हा माणूस पन्नास वर्षं मागं चालला. लिहू द्या. ढगाळ आठवड्यात, लग्नघरात, बाळंतिणीच्या घरात वस्तीवर सोलरला जोडीदार लागतो, आणि तो जोडीदार विजेचा नको असेल तर बंबाइतकं शहाणं यंत्र दुसरं नाही. मध्ये जाळ, भोवती पाणी. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की उष्णतेचा मोठा भाग भोवतीनं निघून जातो; बंबात जाळ पाण्याच्या पोटातच असतो. चुन्याचं त्याला वावडं नाही, वरून हात घालून खरवडता येतो. एवढंच, की रिकामा पेटवायचा नाही, डाग सुटतो.

फक्त बंबात काय जाळता यावर माझं भांडण आहे. बाभळीची फांदी तोडून आणून जाळायची असेल तर बंब नको. आपल्याकडं तुराट्या आहेत, डाळिंब-द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या आहेत, दाणे काढलेली मक्याची कणसं आहेत. उसाचं पाचट मात्र बंबात नको, शेतातही पेटवू नका. ते सरीत कुजवायचं. कापूसवाल्यांना एक वेगळी सूचना. पऱ्हाट्या घराशेजारी रचून वर्षभर बंबाला पुरवायची पद्धत आहे. त्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त पडून असते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते. पऱ्हाटी जाळायची असेल तर बोंडं झोडून आधी नष्ट करा आणि पेरणीपूर्वी ढीग संपवा. नाही जमलं तर कुट्टी करून कुजवा. गरम पाण्यापायी कपाशी घालवू नका. राख कुठं टाकायची हेही विचारतात. राखेत पालाश असतो हे खरं, पण आपल्या चुनखडीच्या जमिनींचा सामू आधीच आठच्या पुढं. राख आणखी वर नेते. उकिरड्यावर थोडी थोडी पसरा, एकाच झाडाच्या बुंध्याला ढीग घालू नका.

गोबरगॅसवाल्यांसाठी थोडक्यात. 100 लिटर पाण्याला दीड घनमीटर गॅस लागतो, म्हणजे जवळपास 40 किलो शेण. एवढा गॅस पाण्याला घातला तर स्वयंपाकाला उरत नाही, आणि थंडीत गॅस कमी तयार होतो, नेमकं पाणी जास्त लागतं तेव्हा. गॅस स्वयंपाकाला ठेवा. दहा-पंधरा गायींचा गोठा असेल तर गोष्ट निराळी. तिथं दूध काढायचं यंत्र आणि कॅन धुवायला सकाळ-संध्याकाळ गरम पाणी लागतं, तिथं मोठा सोलर किंवा वीज चांगली असेल तर हीट पंप परवडतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, एका युनिटात जवळपास तीन युनिटांचं काम करतो. पण तो बिघडल्यावर मिस्त्री कुठून येणार ते आधी विचारून घ्या.

राहिला तिसरा प्रश्न, घरात आधी कोण उठतं. हीटर विकत घेताना चर्चेला बापये बसतात. बंबाचं जळण फोडणारी, पहाटे जाळ घालणारी, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेल्या कोमट पाण्यानं अंग धुणारी बाई चहा देऊन आत जाते. कुणाला पाणी किती वाजता लागतं, कोण किती वापरतं, मोरीपर्यंत बादली कोण उचलून नेतं, हे तिला पाठ असतं. 100 लिटर की 150, तोटी मोरीत की चुलीपाशीही एक, हे तिला विचारा. भांडी घासायला आणि तूप-तेलाचे डबे धुवायला थंडीत गरम पाण्याची एक तोटी मिळाली तर हातांच्या भेगा किती कमी होतात, हे तीच सांगेल. ही जास्तीची तोटी सोलर बसतानाच काढून घेतली तर दोन-चार फिटिंग आणि थोडा पाइप लागतो. नंतर भिंत फोडावी लागते.

ज्यांच्याकडं पाण्याचा अहवाल आहे त्यांनी खाली आकडे टाका, बोअरची खोली आणि गाव लिहा. कुठल्या पाण्याला कुठली टाकी किती वर्षं टिकली हे आपणच एकमेकांना सांगितलं पाहिजे. विकणारा ते सांगणार नाही.